हिवाळ्याची रेघ

जानेवारीत सागाचं रान अर्धवट उघडं असतं. शेंड्याकडची पानं तांबूस होऊन लोंबत असतात, खालची गळून गेलेली असतात, आणि गळलेलं एकेक पान हातभर लांब. पाऊल टाकलं की मोठा आवाज होतो. पावसाळ्यात याच वाटेने वाघ दहा हातांवरून गेला तरी पत्ता लागत नाही. हिवाळ्यात मात्र साधा होला पानांत दाणे शोधत असला तरी कुणीतरी मोठं जनावर येतंय असं वाटून आपण थबकतो. आपल्याला सगळं ऐकू येतं आणि आपणही सगळ्यांना ऐकू जातो. हा सौदा मला आवडतो, म्हणून रानात जायचं तर मी हिवाळा निवडते.

हे रान गोंदिया जिल्ह्यातलं, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेरचं. एका बाजूला गावाचं शिवार, दुसऱ्या बाजूला सागाचं रोपवन, आणि त्यापलीकडे ऐन, धावडा, लेंडिया, बीजा, तेंदू यांचं मिश्र जंगल. सोबत काकाजी होते. त्यांची उमर वनमजुरीत गेली. आता कामावरून सुटलेत, पण पहाटे रानात चक्कर मारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. आम्ही निघालो तेव्हा बांध्यांवर धुकं होतं. धान कापून झालेल्या बांध्यांमध्ये लाखोळी वाढली होती, तिची निळी फुलं दवाने मिटलेली. तणसाच्या ढिगावर एक पिंगळा अंग फुगवून बसला होता. आम्ही जवळून गेलो तरी तो उडाला नाही. फक्त मान खाली-वर करून आमच्याकडे नीट पाहून घेतलं.

रोपवनाच्या कडेला पहिली चितळं दिसली. थंडीत बहुतेक नरांची शिंगं मखमलीत असतात, नवी, वाढती, हात लावला तर ऊब लागेल अशी. हाड वाढत असताना त्यावर रक्त खेळवणारी ती कातडी. उन्हाळा जवळ आला की ती सुकते, मग नर झाडांवर शिंगं घासून ती काढून टाकतो. वर वानरांची टोळी ऐनाच्या शेंड्यात उन्हाची वाट पाहत बसली होती. वानरं खाताना बरंच खाली पाडतात आणि चितळं ते उचलतात, हे ठाऊक असूनही प्रत्यक्ष पाहताना मला दर वेळी थांबावंसं वाटतं. एका डहाळीवरची पाच-सहा कोवळी पानं वानराने खाल्ली आणि उरलेली डहाळी टाकून दिली. ती जमिनीवर टेकायच्या आत दोन माद्या तिच्याकडे निघाल्या होत्या.

काकाजी माझ्यासारखे वर पाहत नाहीत, ते बुडाशी पाहतात. एका सागाच्या बुंध्याची साल गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत कुरतडलेली होती, दातांचे रुंद, समांतर ओरखडे. साळिंदर. पुढे नाल्याच्या काठावरच्या अर्जुनाच्या पांढुरक्या खोडावर अस्वलाच्या नखांच्या जुन्या खुणा होत्या, मधाच्या पोळ्यापर्यंत चढत गेलेल्या. साल वाढली तशा त्या रुंदावल्या होत्या. अस्वलाची मादी याच दिवसांत कुठल्यातरी कपारीत पिलांना घेऊन असते, म्हणून नाल्याच्या वरच्या खडकांकडे काकाजींनी मला जाऊ दिलं नाही. "तिकडे नको जी," एवढंच म्हणाले आणि वाट बदलली.

बदललेल्या वाटेनेच आम्ही विरळणी झालेल्या पट्ट्यात आलो. रोपवनात साग दाट लावतात आणि काही वर्षांनी त्यांतली कमजोर, वाकडी झाडं काढून चांगल्यांना जागा करून देतात. इथली विरळणी गेल्या हिवाळ्यातली. खुंट अजून जमिनीबरोबर सपाट आणि स्वच्छ होते. फलकावर लागवडीचं साल रंगवलेलं होतं, १९९४. मी एका खुंटावरची माती हाताने झाडली, बाटलीतलं थोडं पाणी ओतलं, आणि सोनेरी तपकिरी लाकडावर वर्तुळं उमटून आली.

सागाचं लाकूड या बाबतीत फार उदार आहे. आपल्याकडच्या पुष्कळ झाडांत वर्षाची वर्तुळं धड दिसत नाहीत. जांभळाचं खोड कापलं तर मोजण्याजोगं फारसं काही हाती लागत नाही. ताड, शिंदी आणि बांबू यांच्यात तर खोड वर्षागणिक जाड करणारा थरच नसतो, त्यामुळे वर्तुळांचा प्रश्नच येत नाही. सागात मात्र वर्षाची सुरुवात नुसत्या डोळ्यांनी दिसते. पावसाच्या तोंडावर नवी पालवी फुटते, तेव्हा सालीच्या आतला कॅम्बियमचा पातळ थर जागा होतो आणि पहिल्यांदा पाणी वाहून नेणाऱ्या मोठ्या नळ्या तयार करतो. आडव्या कापलेल्या लाकडावर त्यांची छिद्रं टाचणीने टोचल्यासारखी ओळीने दिसतात. पाऊस मुरत जातो तशी पुढची छिद्रं बारीक होत जातात, लाकूड घट्ट होतं. मग पाणी आटतं, पानं पिवळी पडतात, थर झोपी जातो. पुढच्या वर्षी पुन्हा मोठ्या छिद्रांची ओळ सुरू होते. मधल्या साऱ्या काळाची खूण म्हणजे एक बारीक रेघ.

मी मोजायला लागले. १९९४ च्या पावसाळ्यात लागवड आणि २०२४ चा पावसाळा पाहून झाल्यावर तोड, म्हणजे ३१ वर्तुळं हवीत. भरली ३३. पुन्हा मोजली, दुसऱ्या बाजूने, तरी ३३. झाडाचं वय लागवडीपेक्षा जास्त असणं शक्य नव्हतं. काकाजी माझ्या शेजारी उकिडवे बसले, त्यांनी नखाने एका वर्तुळावर रेघ ओढली आणि विचारलं, "हे अर्धं कसं सुटलं?"

तेव्हा दिसलं. ते वर्तुळ झाडाला पूर्ण वळसा घालत नव्हतं. एका बाजूला स्पष्ट, दुसऱ्या बाजूला विरघळून गेलेलं. असं दुसरंही एक होतं. वाढ वर्षाच्या मध्येच अडखळली की असं खोटं वर्तुळ पडतं. पावसाने मोठी ओढ दिली किंवा सगळी पानं गेली, तर झाड थांबतं, सावरतं आणि त्याच वर्षात पुन्हा लाकूड धरू लागतं. मी पावसाबद्दल बोलत होते, काकाजींना कारण ठाऊक होतं. "आषाढात कीड लागते जी सागाले. अख्खं रान उघडं पडते. मंग डबल पालवी फुटते." सागाची पानं खाणारी ती अळी ऐन पावसाच्या सुरुवातीलाच हल्ला करते आणि आठवडा-दोन आठवड्यांत हिरवं रान बोडकं होतं, हे वनखात्यातल्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. झाडाने ते आतमध्ये टिपून ठेवलं होतं आणि ते वाचायला काकाजींना ना भिंग लागलं ना पुस्तक.

आम्ही असे गुडघे टेकून बसलेलो असतानाच शिट्टी ऐकू आली. बारीक, पुन्हा पुन्हा येणारी, पक्ष्याची वाटावी अशी. काकाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. विरळणीच्या पट्ट्यातून, सागाच्या खुंटांमधून चार रानकुत्रे येत होते. तांबडं अंग, काळं झुपकेदार शेपूट, गोल कान. पानांवरून चालत होते आणि तरी आमच्याइतका आवाज नव्हता. पुढचा थांबला. आमच्याकडे पाहिलं. त्या नजरेत भीतीही नव्हती आणि रागही नव्हता. आम्ही काय आहोत हे ठरवून झाल्यावर त्याने तोंड फिरवलं, पुन्हा शिट्टी आली, आणि ते एकामागोमाग मिश्र जंगलात उतरले. त्यानंतर बऱ्याच वेळाने लांबून चितळाची हाक आली, मग वानराचा खरखरीत खोकला.

थंडी हा रानकुत्र्यांचा विणीचा काळ. मागे कुठेतरी बीळ असेल, पिलं असतील, शिकार करून पोटात आणलेलं मांस त्यांच्यासमोर ओकून द्यायचं असेल. नागझिऱ्याच्या या भागात रानकुत्रे पूर्वीपासून आहेत, पण ते दिसणं ही मनातल्या मनात मागून ठेवलेली गोष्ट असते. माझे हात थरथरत होते आणि बोटाखाली अजून तो खुंट होता.

त्या खुंटाकडे पुन्हा पाहिलं आणि मनात आलं ते थोडं दुखावणारं होतं. ही सकाळ झाडांच्या हिशेबात नाही. आजूबाजूचे उभे साग आत्ता झोपेत आहेत. रानकुत्रे गेले, चितळांनी शिंगं वाढवली, अस्वलाला पिलं झाली, तलावावर हजारो मैलांवरून पक्षी उतरले, आणि या सगळ्याची सागातली नोंद म्हणजे दोन वर्तुळांमधली ती रेघ. आपण ज्याला वर्षाचा सगळ्यात सुंदर काळ म्हणतो, तो झाडाने लिहिलेलाच नाही.

पण ती रेघ नसती तर मोजायलाही काही उरलं नसतं. सदाहरित रानात, जिथे झाडाला थांबावं लागत नाही, तिथे वर्षं एकमेकांत मिसळून जातात. विदर्भातला साग कोरड्या महिन्यांत सक्तीने थांबतो, म्हणून त्याचं वर्ष सुटं होतं. आणि सुट्या वर्षांतून किती मागे जाता येतं, हे आपल्या पुण्यातच पाहायला मिळतं. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात ठाणे भागातल्या सागाची वर्तुळं पावसाशी ताडून पाहिली होती. पुढे त्यांनी केरळातल्या जुन्या सागांवरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची सलग मालिका जुळवली. ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. एल निनोच्या आणि दुष्काळाच्या वर्षी वर्तुळं अरुंद होतात, हे त्यात दिसतं. आपल्याकडे पर्जन्यमापकांच्या पद्धतशीर नोंदी सुरू व्हायच्या कितीतरी आधीचा पाऊस त्या लाकडात आहे. जावा बेटावरच्या सागाची १५१४ पासूनची मालिका तर १९३१ मध्येच छापून आली होती.

एकट्या झाडाच्या साक्षीवर मात्र हे शास्त्र विश्वास ठेवत नाही, आणि मला त्याची हीच गोष्ट सगळ्यात जास्त पटते. माझ्या खुंटावर मधली सात-आठ वर्तुळं दाटीवाटीने बसलेली होती. दुष्काळाची वर्षं म्हणून सांगायला फार सोपं. पण रोपवनात झाडं एकमेकांचं ऊन खातात, आणि मागची एखादी विरळणी झाली की वर्तुळं लगेच रुंदावतात. तिथे पाऊस नाही, शेजार लिहिलेला असतो. म्हणून अनेक झाडांचे नमुने घेऊन अरुंद-रुंद वर्तुळांचा क्रम एकाचा दुसऱ्याशी जुळवावा लागतो. ज्या वर्षी सगळी झाडं एकदम आखडली, ते वर्ष खरं. अमेरिकेतल्या ॲरिझोनात अँड्र्यू डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत रुजवली. त्याला खरं तर सूर्यावरच्या डागांचं अकरा वर्षांचं चक्र झाडांत सापडतं का हे बघायचं होतं. ते शोधता शोधता १९२९ मध्ये एका जळक्या तुळईच्या तुकड्याने त्याच्या मालिकेतलं मधलं अंतर भरून निघालं आणि तिथल्या मूळ रहिवासी प्युब्लो लोकांच्या ओसाड वस्त्यांना नेमकी सालं मिळाली.

२०१० मध्येच आशियाभरातल्या तीनशेहून अधिक वृक्षमालिका एकत्र करून मान्सूनच्या दुष्काळांचा एक नकाशासंग्रह तयार झाला. त्यात १८७६ ते १८७८ चा काळ ठळक उठून दिसतो. हाच दख्खनचा तो भयंकर दुष्काळ, ज्याने आपल्या किती घरांतली माणसं नेली. मेलेल्यांपैकी बहुतेकांची नावं कुठेच नाहीत. त्यांच्या वाट्याला न आलेल्या पावसाची नोंद तेवढी व्हिएतनामपासून हिमालयापर्यंतच्या झाडांनी ठेवली. हे वाचल्यापासून कापलेलं खोड दिसलं की मला ओलांडून जाता येत नाही.

पट्ट्याच्या शेवटी एक खुंट वेगळा होता. वर्तुळांच्या एका बाजूला काळसर पाचर, आणि तिच्या दोन्ही अंगांनी नंतरचं लाकूड गोल वळून आलेलं, जखमेचे ओठ मिटत आणावेत तसं. बाहेरून आत मोजत गेलं की डागाबाहेर नऊ वर्तुळं होती. २०२४ पासून मागे नऊ म्हणजे २०१६ चं वर्तुळ, आणि डाग त्याच्या आतल्या कडेवर. काकाजींनी मान हलवली. "आगीचा आहे. ते साल ध्यानात आहे माह्या. लहान्या पोरीचं लगन होतं अन् मी आठ दिवस जाळरेषेवर." इकडे मोह वेचायच्या दिवसांत झाडाखालचा पाला साफ करायला लोक तो पेटवतात, ती आग कधी कधी हाताबाहेर जाते. वनखातं त्यासाठीच पट्टे साफ करून जाळरेषा घेतं. त्या वर्षी वारा होता, आग जाळरेषा ओलांडून रोपवनात घुसली होती.

मी तो डाग जवळून पाहिला. तो कुठल्याही वर्तुळाच्या पोटात नव्हता. २०१५ चं वर्तुळ संपलं होतं, २०१६ चं सुरू व्हायचं होतं, त्या दोहोंमधल्या रेघेवर तो बसला होता. साहजिकच होतं. आग लागली तेव्हा झाड झोपेत होतं, त्याला नवं लाकूड धरायला अजून दोन-अडीच महिने होते. थोड्या वेळापूर्वी मला कोरी वाटलेली रेघ कोरी नव्हती. झोपेत झाडाला जे होतं, ते तिथे राहतं. जिथे साल पूर्ण निघून आतलं लाकूड उघडं पडलं असेल, तिथे साळिंदराचे दातही राहत असतील. सांबराने शिंगं घासून फाडलेल्या सालीची जखमही. रानकुत्रे पावलांचं काही ठेवत नाहीत, हे खरं. पण हिवाळ्याने आणि उन्हाळ्याने झाडाला काहीच दिलं नाही, असं आता मी म्हणणार नाही.

परतताना आम्ही तलावाकडून आलो. हा मुलूख तलावांचा. कोहळी समाजाने पिढ्यानपिढ्या बांधलेले तलाव अजून धानाला पाणी देतात, आणि नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळींच्या नावाने ओळखला जातो. आमचा तलाव गावापुरता लहान होता. पलीकडच्या उथळ काठावर पट्टकादंब चरत होते, राखी अंगाचे, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारे. तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आलेले हे पक्षी मार्चच्या आसपास परत जातील. त्यांच्या मागे चक्रवाकांची एक जोडी. पाण्याची पातळी काकाजींनी पायरीच्या दगडावरून पाहिली आणि यंदा उन्हाळी धानाला पाणी सोडायला पंचायतीत भांडणं होणार नाहीत, असा निर्वाळा दिला. ज्या पावसाने हा तलाव भरला, त्याच पावसाचं वर्तुळ मागे सागांच्या सालीआड नुकतंच पूर्ण झालं होतं.

गावाच्या तोंडाशी त्यांच्या घरचा मोह आहे. दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असा बुंधा, आत एक मोठी ढोली, ढोलीत राखी धनेशाची दर उन्हाळ्यातली वीण. काकाजी तिथे थांबले आणि त्यांनी मनातलं विचारलं. झाड न तोडता आतली वर्तुळं मोजता येतात का? मी सांगितलं की येतात. पोकळ गिरमिट असतं, ते हाताने फिरवत खोडात घालायचं आणि पेन्सिलीहून बारीक अशी लाकडाची कांडी बाहेर काढायची. झाड ते छिद्र आपलं आपण बुजवतं. त्यांचे डोळे चमकले. मग मला पुढचंही सांगावं लागलं. मोहाच्या लाकडात सागासारखी स्पष्ट वर्तुळं नसतात. आणि याचा तर गाभाच पोकळ आहे, सगळ्यात जुनी वर्षं धनेशाच्या घरात गेली.

त्यांना वाईट वाटलं असं काही दिसलं नाही. त्यांनी बोटांवर आपलं मोजायला सुरुवात केली. त्यांच्या आज्याने या झाडाखाली वेचलेला मोह विकून बैल घेतला होता, तेव्हाही ते भरलेलंच होतं. आज्याच्या मायने या मोहाच्या फुलांवर उपासमारीची दोन सालं काढली, असं तिने सांगितलेलं त्यांच्या बापाने ऐकलं होतं. हा मुलूख तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा मध्य प्रांतात होता, आणि १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी मध्य प्रांत पिळून काढला होता. मी ती सालं बोलून दाखवली. काकाजी म्हणाले, सालं त्यांना माहीत नाहीत, पण ती दोन होती हे नक्की, आणि दोन्हींच्या मधे एक बरं साल होतं, तेव्हा घरात पोरगा झाला.

ते हिशेब मी वहीत उतरवून घेतले. मार्चमध्ये फुलं पडायला लागली की पहाटे चारला यायचं ठरलंय, टोपली त्यांच्याकडे आहे.